हो म्हणू नकोस, नळ सोड

आधीच सांगून टाकतो, मला मिळालेले दोन्ही मेमो मी जपून ठेवले आहेत आणि त्यांतल्या एकाही शब्दाचा मला पश्चात्ताप नाही. बायको म्हणते, मेमोतले शब्द साहेबांचे आहेत, तुम्हाला त्यांचा पश्चात्ताप होण्याचं कारणच काय? पण बायकोला तत्त्वाची गोष्ट समजावून सांगणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सोडून दिलं. तुम्ही मात्र नीट ऐका.

लांब पल्ल्याच्या आरामगाड्या चालवणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारींच्या टेबलावर बसतो. म्हणजे लोक तिथे येऊन मला बोलतात आणि मी ते ऐकून घेतो. पुढच्याची सीट फार मागे येते आणि माझी सीट अजिबात मागे जात नाही, या दोन तक्रारी बहुधा एकाच माणसाच्या असतात. इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतल्यामुळे माझा स्वभाव अतिशय शांत झाला आहे असं माझं मत आहे. घरी या बाबतीत एकमत नाही.

आमच्या डेपोत, पार्सलच्या खोलीला लागून, एक अरुंद खोली आहे. तिथे एक टेबल, एक फोन, एक कुरकुरणारी खुर्ची आणि त्या खुर्चीवर आरवबाई असतात. कोंबड्याच्या आरवण्यावरून त्यांना हे नाव ड्रायव्हर लोकांनी ठेवलंय, आणि त्यांच्या तोंडावर ते घ्यायची छाती एकाचीही नाही. बाईंचं काम एकच. रात्रपाळीला यायचं आणि पहाटेच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना फोन करून उठवायचं. कानाभोवती शाल गुंडाळून, चष्मा कपाळावर चढवून त्या नंबर फिरवतात आणि पलीकडून 'हॅलो' यायच्या आत सुरू होतात, "उठलास का रे?"

आता कुठल्याही झोपलेल्या माणसाला हा प्रश्न विचारा, तो 'हो' म्हणणार. झोपेत माणूस कशालाही हो म्हणतो. माझी नोकरी मी अशीच स्वीकारली होती. बाईंना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्या लगेच म्हणतात, "हो म्हणू नकोस. नळ सोड. ऐकू येऊ दे." मग तो ड्रायव्हर धडपडत उठतो, फोन हातात धरून मोरीपर्यंत जातो, नळ सोडतो, आणि पाण्याचा आवाज कानावर आला की बाई म्हणतात, "हं. आता निघ. गाडी सांभाळून ने." आणि फोन ठेवतात. पाण्याखेरीज दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वास नाही. एका ड्रायव्हरने म्हणे उशाशी तांब्या-भांडं ठेवून पाणी ओतून बघितलं होतं. बाई म्हणाल्या, "तांब्या खाली ठेव आणि नळ सोड."

तर या बाईंची खुर्ची जाणार अशी बातमी आली. साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरसाहेबांनी, एक यंत्र मागवलं होतं. ते आपोआप फोन लावणार आणि एका गोड आवाजात म्हणणार, "सुप्रभात. आपण जागे झाला असाल तर कृपया एक दाबा." पुढच्या महिन्यापासून बाई सुट्या भागांच्या गोदामात, नटबोल्ट मोजायला.

मी बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? साहेब म्हणाले, तुम्हाला आता आराम. मी म्हटलं, आराम मागितला कुणी? माझी खुर्ची राहू द्या. तर म्हणाले, गोदामात स्टूल आहे." त्यांनी शाल घट्ट ओढली. "भाऊ, मला मोजायला येतं हो. पण नटबोल्ट काय उठून बसणारेत का माझ्या हाकेनं?"

त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला भयंकर राग आला. माझा राग असा असतो की तो आल्यावर मी उभा राहतो आणि मग उभं राहिल्यामुळे काहीतरी बोलावं लागतं. त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये प्रवासी वाहतूक संघाचं परिपत्रक भिंतीवर लागलं होतं, 'पडद्यामागचे मानकरी' असा नवा पुरस्कार, जे कर्मचारी प्रवाशांना कधी दिसत नाहीत त्यांच्यासाठी. मी उभा राहिलो आणि भरल्या कॅन्टीनमध्ये म्हणालो, "हा पुरस्कार बाईंना मिळवून दिला नाही तर नाव लावणार नाही!"

हिशेब साधा होता. आमच्या साहेबांना फोटोंचं वेड आहे. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर त्यांचे एवढे फोटो आहेत की भिंतीचा रंग कुणाला आठवत नाही. पुरस्कार घेतलेल्या बाईंबरोबर साहेबांचा फोटो एकदा का त्या भिंतीवर लागला, की त्याच बाईंना गोदामात धाडायचं तोंड त्यांना राहिलं नसतं.

"तुम्ही बोलून बसता," बायको घरी म्हणाली, "आणि मग निस्तरायला माझा भाऊ लागतो." तिचा भाऊ फोटो काढतो. म्हणजे त्याच्याकडे कॅमेरा आहे.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक ही बातमी ऐकून जिना चढून वर आले. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून अख्ख्या इमारतीला विद्यार्थी समजतात. "अर्जाची भाषा भारदस्त हवी," ते म्हणाले. "सुरुवात सूर्यापासून करा. सूर्य रोज उगवतो पण त्याला कोण उगवायला लावतं, असा प्रश्न टाका."

"सर, सूर्याला कुणी फोन करत नाही."

"म्हणूनच तर प्रश्न टाकायचा!" असं म्हणून त्यांनी माझ्याच पेनाने माझाच अर्ज लिहायला घेतला. सूर्य संपायला तीन पानं लागली. बाई चौथ्या पानावर आल्या.

तो अर्ज घेऊन मी संघाच्या ऑफिसात गेलो. तिथला कारकून पानं उलटत शांतपणे म्हणाला, "घटना कुठेय?"

"कसली घटना?"

"यांनी काय केलं? एका मेकॅनिकने पेटलेलं इंजिन विझवलंय. एका क्लीनरने हरवलेली आजी शोधून काढलीय. तुमच्या बाईंनी काय केलं?"

"त्यांनी रोज सगळ्यांना उठवलं. त्यामुळे ड्रायव्हर वेळेवर आले, गाड्या वेळेवर सुटल्या, आणि काहीही झालं नाही."

"काहीही झालं नाही," कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग पुरस्कार कशाचा द्यायचा?"

"काही झालं नाही याचाच!"

"त्याचा पुरावा आणा. आणि ज्यांना त्या उठवतात त्यांच्यापैकी कुणाचं तरी सहीनिशी निवेदन आणा. आणि काम करतानाचा फोटो. आणि हा सूर्य काढून टाका."

माझ्या स्वाभिमानाला तिथे पहिली ठेच लागली. अख्खी तक्रार खिडकी सांभाळणारा मी, आणि मला कुणी खिडकीतून परत पाठवतो! पण बाईंचा तो खाली गेलेला आवाज आठवला आणि मी जिद्दीला पेटलो. सूर्यसुद्धा काढायचा नाही असं ठरवलं.

निवेदन मिळवायला मी ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत गेलो. तिथे आमचे पैलवान बसले होते. पैलवान म्हणजे सर्वात जुने ड्रायव्हर. त्यांनी कुस्ती कधी खेळली नाही, पण ते केबिनमध्ये चढले की गाडी त्यांच्या बाजूला किंचित झुकते. मी विषय काढला मात्र, ते उखडले.

"त्या बाईला बक्षीस? माझी आयुष्यभराची झोप खाल्लीय तिनं! आणि खरं सांगू? मी तिच्या फोनानं उठतच नाही. तिचा फोन यायच्या आधीच मी जागा झालेला असतो. ती आपली उगाच ओरडते."

"मीसुद्धा," दुसरा म्हणाला.

"मी तर दात घासत असतो," तिसरा म्हणाला.

मी एकेकाला विचारत गेलो. सगळे आपले आपण उठत होते. एवढ्या स्वयंभू जागृत पुरुषांची सेना एकाच छताखाली नांदते आहे हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. सही एकानेही केली नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हीही रोज असंच सांगता. मी हाक मारायच्या आधीच जागा होतो म्हणून." याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता.

निवेदन नाही तर नाही, निदान फोटो तरी घेऊ म्हणून एके दिवशी संध्याकाळच्या सुमाराला मेहुण्याला डेपोत घेऊन गेलो. बाईंना मुद्दाम लवकर बोलावलं होतं. मेहुण्याने खोलीतला उजेड वाईट आहे असं सांगून दिवा हलवला, पार्सलखोलीतली दोन खोकी आणून त्यांवर चढला, त्यातलं एक कुणाचं तरी काचसामान होतं हे नंतर कळलं, आणि म्हणाला, "बाई, फोन कानाला लावा आणि बोलल्यासारखं करा."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. नुसतं करायचं."

"समोर माणूस नसताना ओरडायला मी काय वेडी आहे?" बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला.

"हसा तरी."

"कामाच्या वेळी मी हसत नाही."

मेहुणा माझ्याकडे बघायला लागला. "भावोजी, यांचा चेहरा बंद पडलेल्या दुकानासारखा येतोय." मग मीच म्हणालो, "बाई, कुणालाही खराखुरा फोन लावा, चटकन फोटो काढू आणि त्याला सांगून टाकू की फोटोसाठी होता." बाईंच्या बोटांना जो नंबर सर्वात सवयीचा होता तो त्यांनी फिरवला. तो पैलवानांचा होता. पैलवान लांबची फेरी करून त्याच दिवशी परतले होते आणि घरी पडदे लावून झोपले होते.

"उठलास का रे?" बाई कडाडल्या. चष्मा कपाळावरून नाकावर पडला, शाल सुटली, डोळ्यांत चमक आली. मेहुण्याने बटण दाबलं. "हो म्हणू नकोस! नळ सोड! ऐकू येऊ दे!" मेहुण्याने पुन्हा दाबलं. पाण्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हं. आता निघ. गाडी सांभाळून ने." आणि बाईंनी सवयीने फोन ठेवून दिला.

फोटो अप्रतिम आला होता. आम्ही तिघेही कॅमेऱ्याच्या त्या टीचभर पडद्यात डोकी घालून तो बघत राहिलो, मग चहा आला, मग काचसामानाचा मालक आला, आणि पैलवानांना सांगायचं राहून गेलं.

पुढचं मला नंतर चौकशीत कळलं. पैलवान उठले, दाढी केली, अंघोळ केली, इस्त्रीचा गणवेश चढवला आणि डेपोत आले. बाहेर ढगाळ, मंद उजेड होता. पहाटेचा आणि संध्याकाळचा उजेड आयुष्यभर काचेतून बघणाऱ्या माणसाला सारखाच दिसतो. धुवायला न्यायची म्हणून एक गाडी फाटकाशी उभी होती. पैलवान त्यात चढले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला, कारण त्या चेहऱ्याला प्रश्न विचारायची रीत आमच्याकडे नाही. पहिल्या थांब्यावर काही प्रवासी आधीच्या गाडीची वाट बघत ताटकळले होते. असे प्रवासी प्रत्येक थांब्यावर कायम असतातच. ते हरखून चढले. शहर मागे पडलं, मोकळा रस्ता लागला, आणि समोरचा सूर्य वर यायच्या ऐवजी खाली जाताना दिसला तेव्हा कुठे पैलवानांनी ब्रेक दाबला.

प्रवाशांनी मात्र गाडी अर्ध्या वाटेतून परत नेऊ द्यायला साफ नकार दिला, तेव्हा पैलवानांनी त्यांना शेवटपर्यंत पोचवलं. ते इतके वेळेवर कधीच पोचले नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येऊन आभार मानले. तक्रारीच्या खिडकीवर आभार घ्यायची सोय नसल्यामुळे मी ते 'इतर तक्रारी'मध्ये नोंदवले.

पहिला मेमो मला तेव्हा मिळाला. 'कर्तव्यावर नसलेल्या चालकास विनाकारण जागे करविल्याबद्दल.' साहेब केबिनमध्ये बराच वेळ बोलत होते. मी ऐकून घेत होतो, पण माझं लक्ष 'जागे' या शब्दावर होतं. खुद्द कंपनीने लेखी कबूल केलं होतं की बाईंच्या हाकेने पैलवान जागे झाले! आपले आपण उठणारे पैलवान! मी साहेबांचे इतके मनापासून आभार मानले की ते गोंधळून खाली बसले.

तो मेमो आणि तो फोटो घेऊन मी थेट संघाच्या कारकुनाकडे गेलो. त्याने मेमो दोनदा वाचला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा माणसासारखा भाव उमटला.

"ही घटना आहे," तो म्हणाला. "सूर्यसुद्धा आहे हिच्यात."

"म्हणूनच तर मी तो काढला नाही!"

"फक्त तुमच्या मॅनेजरची शिफारस घेऊन पाठवा. त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही."

इथे मी थोडा बिचकलो. पण आश्चर्य म्हणजे साहेबांनी अर्ज हसतमुखाने ठेवून घेतला, "मी पाठवतो ना, तुम्ही कशाला त्रास घेता," म्हणाले. आणि काही दिवसांनी कंपनीला खरोखर पुरस्कार जाहीर झाल्याचं पत्र आलं. मी आनंदाने बाईंच्या खोलीत धावलो. बाई म्हणाल्या, "माझी खुर्ची राहील ना भाऊ?" मी म्हणालो, "खुर्चीला गादी येईल गादी!" हे मी म्हणायला नको होतं, पण म्हणालो. बाईंनी ठेवणीतली साडी इस्त्रीला दिली.

समारंभ भर दुपारी होता. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून प्रत्येक कंपनीने आपापले ड्रायव्हर गाडीत घालून आणले होते. रात्रभर गाड्या हाकून आलेले ते सगळे मागच्या रांगांत मऊ खुर्च्यांवर बसले आणि दिवे मंद झाल्याबरोबर गाढ झोपले. पुढे प्रमुख पाहुणे 'जागरूकता' या विषयावर बोलत होते. मी दुसऱ्या रांगेत होतो. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापक, मेहुणा कॅमेरा घेऊन जमिनीवर, आणि माझ्या पुढची, बाईंसाठी राखलेली खुर्ची रिकामी.

"बाई कुठायत?" बायकोने विचारलं.

"येतीलच."

"अहो, पण त्या रात्रभर जागतात ना? मग दुपारच्या झोपलेल्या असणार. त्यांना उठवलं कुणी?"

साडीला इस्त्री झाली होती, हारवाल्याला सांगितलं होतं, मुख्याध्यापकांनी बाईंसाठी लिहिलेल्या भाषणात सूर्य घातला होता. जगाला उठवणाऱ्या बाईंना उठवायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी वाकून फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला.

तेवढ्यात निवेदकाने जाहीर केलं, "आणि आता चालकांना वेळेवर जागे करण्याच्या अजोड कामगिरीबद्दल, पडद्यामागचे मानकरी... स्वयंचलित जागरण यंत्रणा, आणि ती आणणारे दूरदृष्टीचे व्यवस्थापक!"

साहेब उठले. रंगमंचावर एका टेबलावर रेशमी फीत बांधलेलं ते यंत्र ठेवलं होतं. साहेबांनी बाईंचं काम तेवढं पुढे पाठवलं होतं आणि बाईंना मागे ठेवलं होतं. जे यंत्र अजून एकाही माणसाला उठवायला बसलं नव्हतं, त्याला हार! साहेबांनी कौतुकाने बटण दाबलं आणि यंत्र गोड आवाजात म्हणालं, "सुप्रभात. आपण जागे झाला असाल तर कृपया एक दाबा." मागच्या रांगांतून घोरण्याचा एक संथ सूर आला.

मी उभा राहिलो. पुढे काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. बायकोने शर्ट धरला, तो खिशाकडे थोडा उसवला. मी आयुष्यात रंगमंचावर गेलेलो नाही. शाळेतल्या नाटकात मला झाड केलं होतं, तेव्हाही ऐन वेळी मला पडद्याच्या आतच लावलं होतं. पण त्या दिवशी कानाला फोन तसाच धरून मी पायऱ्या चढलो आणि निवेदकाच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

"हा पुरस्कार चुकीच्या पत्त्यावर आलाय!" मी म्हणालो. माझा आवाज चिरकला, पण चिरकलेला आवाज जास्त लांब जातो. "हे काम एक बाई करतात. आणि साहेब, तुम्ही त्यांना स्टूल देताय! या पुरस्काराला त्यांचं नाव लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही. काढा अजून एक मेमो!"

"खाली उतरा," साहेब दातांतून म्हणाले. दोन स्वयंसेवक पुढे झाले. आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या हातातल्या फोनची घंटा थांबली. पलीकडे कुणीतरी तो उचलला होता. मी काहीएक विचार न करता फोन ध्वनिक्षेपकाला चिकटवला.

बाई गाढ झोपेतून उठल्या होत्या. हातात फोन होता. आणि फोन हातात असला की बाईंना एकच गोष्ट येते.

"उठलास का रे?"

सभागृहाच्या भिंती हादरल्या. मागच्या रांगांतलं घोरणं कापल्यासारखं थांबलं.

"हो म्हणू नकोस! नळ सोड! ऐकू येऊ दे!"

आणि मागच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले, केस विस्कटलेले, पण ताठ उभ्या. काही जण हाताने अंधारात मोरीची कडी शोधत होते. एकाने पुढच्या माणसाची टोपी टॉवेल म्हणून उचलली. आमच्या कंपनीचे तर होतेच, पण शेजारच्या कंपनीतलेही बरेच होते. ते पूर्वी आमच्याकडे नोकरीला होते.

"बसा, बसा!" साहेब हात वरखाली करत म्हणाले. "गैरसमज झालाय, बसून घ्या!"

एव्हाना डोळे उघडले होते. आपण कुठे आहोत, हे समोर काय चाललंय, कुणाच्या गळ्यात हार आहे, हे एकेकाला कळत होतं. पैलवानांच्या शेजारचा ड्रायव्हर ओशाळून खाली बसायला लागला. पैलवानांनी त्याची कॉलर धरून त्याला परत उभा केला.

"बसायचं नाही," ते म्हणाले. "तिनं उठवलंय."

कुणीही बसलं नाही. साहेब सांगत राहिले, प्रमुख पाहुण्यांनी विनंती केली, आणि ते सगळे तसेच उभे. आता ते झोपेत नव्हते, हे दुसऱ्या रांगेतून उभ्या राहिलेल्या माझ्या बायकोनेही पाहिलं. मुख्याध्यापकही उभे राहिले, त्यांचे तर गुडघे दुखतात.

"नळ!" फोनमधून बाई गरजल्या. "अजून ऐकू येत नाहीये मला!"

सभागृहात नळ नव्हता. पैलवान तडक पुढे आले, रंगमंचावर चढले, रंगमंच त्यांच्या बाजूला किंचित झुकला, आणि त्यांनी प्रमुख पाहुण्यांसमोरचा पाण्याचा जग उचलून फोनजवळच्या पेल्यात धार धरली. पेला भरला, धार थांबली नाही. पाणी टेबलावरून ओघळलं, रेशमी फितीखाली शिरलं. यंत्र म्हणालं, "धन्यवाद. आपण जागे झा..." आणि गप्प झालं.

"हं," बाई म्हणाल्या. "आता निघ. गाडी सांभाळून ने."

"होय बाई," पैलवान म्हणाले. बाईंनी ते ऐकलं नाही. त्यांनी फोन ठेवला होता.

पुरस्कार साहेबांनाच मिळाला, संघाच्या नियमात परत घ्यायची तरतूद नाही. पण संध्याकाळी पैलवान सगळ्या ड्रायव्हरांना घेऊन केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "यंत्र दुरुस्त करून घ्या साहेब. आम्ही झोपेतसुद्धा एक दाबू शकतो. मग गाड्या कधी सुटतात ते बघा." साहेबांनी भिंतीवरच्या आपल्या सगळ्या फोटोंकडे एकदा बघून घेतलं. यंत्र आता गोदामात असतं. स्टुलावर.

बाईंना झालेलं सगळं मी सांगितलं तेव्हा त्या आधी चिडल्याच. "भरदुपारी झोपमोड करतात का कुणी? माणसाला काही समज!" मग शालीचं टोक पिळत त्यांनी विचारलं, "सगळे उभे होते?"

"सगळे."

"पैलवानपण?"

"पैलवान सगळ्यात आधी."

"तो उठतो पहिल्या हाकेला," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून कामाला लागल्या. खुर्चीला गादी आलेली नाही. मी मागणी लावून धरली आहे.

दुसरा मेमो मला 'शासकीय समारंभात यंत्रणेस जलबाधा' या कारणाने मिळाला. समारंभ शासकीय नव्हता, ही चूक मी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवली. त्याची शिक्षा म्हणून माझी बदली पहाटेच्या पहिल्या गाडीच्या खिडकीवर झाली. साहेबांना वाटलं मी रडत येईन. मी गेलोच नाही.

तेव्हापासून पहाटे आमच्या घरात फोन वाजतो. "उठलात का भाऊ? हो म्हणू नका." खरं सांगायचं तर बाईंचा फोन यायच्या आधीच मी जागा झालेला असतो. बायको यावर हसते, हसू दे. मी मोरीत जातो आणि नळ सोडतो. पुरा सोडतो, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका. मुख्याध्यापक दोनदा वर येऊन पाणी वाया जाण्याबद्दल बोलून गेले. मी त्यांना सांगितलं, सर, लेखी तक्रार करा, मी नोंदवून घेतो. नळ बंद होणार नाही.